सांगलीची पेठ आणि ज्येष्ठांचा मोबाइल

कृष्णाकाठची सांगली हळदीची पेठ म्हणून देशभर ओळखली जाते. शेजारच्या हरिपुरात जमिनीत खोल खणलेल्या पेवांत हळद वर्षानुवर्षे टिकत असे. २००५ च्या महापुराने त्यांतील बरीच पेवे निकामी केली. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन लाभले. वसंतदादा मार्केट यार्डात आजही हळदीचे सौदे होतात, गणपती पेठेत मालाची चढउतार चालते. बदलला आहे तो गल्ला. २०१६ साली यूपीआय आले आणि पाहता पाहता दुकानोदुकानी क्यूआर कोडची पाटी उभी राहिली. जमा झालेली रक्कम आता एक लहानशी पेटी मोठ्याने सांगते.

या पेठेतील एखाद्या पेढीवर पक्षाघातातून सावरलेले ज्येष्ठ गादीवर बसलेले असतात. मोबाइल वाजला की ते तो नातवाकडे सरकवतात, ‘तूच बघ’ म्हणतात. घरच्यांना तो वयाचा हट्ट वाटतो. वास्तविक कारण निराळे असते. मेंदूच्या डाव्या भागाला इजा झाली तर उजवा हात दुबळा होतो, पुष्कळदा शब्द आणि आकडेही चटकन आठवत नाहीत. उजव्या भागाला इजा झाली तर कित्येकांचे पडद्याच्या डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. बोट पडद्यावर क्षणभर अधिक टेकते आणि भलतेच काही उघडते. ओटीपी वाचून होईतो त्याची मुदत संपते.

जुन्या काळी अनेक बाजारांत रुमालाखाली बोटांच्या खुणांनी भाव ठरत. ज्यांनी अशा व्यवहारात आयुष्य काढले, त्यांना आपल्याच बोटाचा भरवसा वाटेनासा होतो. पैसे चुकीच्या खात्यात जातील ही धास्ती असतेच. त्याहून मोठी धास्ती असते ती चारचौघांत चूक होण्याची. म्हणून ते फोनपासून दूर राहतात आणि हळूहळू व्यवहारापासूनही.

त्यांना पुन्हा व्यवहारात आणणे कठीण नाही. फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी विभागात अक्षरे मोठी करता येतात, स्पर्शाचा अवधी वाढवता येतो. थोडीच शिल्लक असलेले वेगळे खाते यूपीआयला जोडावे, म्हणजे चूक झाली तरी ती लहान राहते. सराव दुपारच्या निवांत वेळी, एक रुपया नातवाला पाठवून करावा. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीच लागत नाही, हे कागदावर ठळक लिहून फोनजवळ ठेवावे. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्यांच्या हातातून फोन ओढून घेऊ नये. एक व्यवहार पुरा व्हायला पाच मिनिटे लागली तरी पेढीचे काही अडत नाही. वडीलधाऱ्यांनी तो स्वतः पुरा केला, तर गादीवरचा त्यांचा मान त्यांच्याच मनात पुन्हा जागा होतो.