किती टाकले होते?

जनावरांच्या डॉक्टरला रात्री फोन येतो. "साहेब, कुत्र्याच्या तोंडाला फेस आलाय." माझं उत्तर ठरलेलं असतं. "लगेच निघा. पुडी, डबा, बाटली, जे सापडेल ते घेऊन या. आणि त्याला काही पाजू नका." घाबरलेली माणसं मिठाचं पाणी, दूध, तेल ओततात. शुद्ध हरपत चाललेल्या कुत्र्याच्या ते फुफ्फुसात जातं. उंदराच्या औषधातलं झिंक फॉस्फाइड तर तेला-तुपाने अंगात आणखी भिनतं.

नंदुरबार जिल्ह्यातला आमचा शहादा-तळोद्याचा पट्टा कापूस, मिरची, पपई, उसाचा. फवारणीची औषधं घरोघरी. एकदा तळोद्याकडचे एक आबा मोतीला गोधडीत गुंडाळून मोटरसायकलवर घेऊन आले. सोबत नातू. मोतीची लाळ थांबत नव्हती, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या, मांडीचे स्नायू कातडीखाली थरथरत होते. छातीत घरघर. निदान अर्धं झालं होतं: कीटकनाशक.

"कुणीतरी टाकलं असेल," आबा म्हणाले. नातू खाली बघत होता.

मी शिरेत सुई लावता लावता म्हटलं, "कुणी टाकलं ते मला नको बाळा. काय टाकलं, तेवढं सांग."

"रानडुकरांसाठी. पिठाच्या गोळ्यांत. मीच."

त्याने घरी फोन लावून डब्याचा फोटो मागवला. लेबलवरच्या चौकोनाचा खालचा अर्धा भाग लाल, म्हणजे सर्वांत जहाल. पण मला हवं होतं ते औषधाचं नाव. ऑरगॅनोफॉस्फेट की कार्बामेट, हे लक्षणांवरून कळत नाही, आणि ॲट्रोपिनच्या जोडीला प्रॅलिडॉक्सिम द्यायचं की नाही, ते त्यावर ठरतं. नाव ऑरगॅनोफॉस्फेटचं निघालं.

पंधरा किलोच्या कुत्र्याला ॲट्रोपिन निदान 3 मिलिग्रॅम लागतं. ॲम्प्यूल 0.6 ची, म्हणजे पाच फोडाव्या लागतात. पाव भाग शिरेतून, बाकीचा कातडीखाली. मग डोळ्यांकडे बघायचं नाही, छाती ऐकायची. घरघर ओसरली, तोंड कोरडं पडलं की मात्रा पुरली. पण ॲट्रोपिनचा असर विषाआधी सरतो, म्हणून रात्रभर उशाशी बसावं लागतं.

इतक्या वर्षांत मला एवढंच कळलंय, की विषबाधेत पहिला उतारा म्हणजे खरं सांगणारा माणूस. त्याच्यावर ओरडलो, तर पुढच्या वेळी तो गप्प बसेल आणि मी चाचपडत राहीन. म्हणून रागाचा शब्द गिळायचा आणि प्रश्न विचारायचा. मी विचारला, "किती गोळे टाकले होते?"

"अकरा."

"हाताला प्लास्टिकची पिशवी बांध, बॅटरी घे आणि उरलेले सगळे उचलून आण. बांधावर दुसरीही कुत्री फिरतात."

पहाटे तो परतला तेव्हा मोतीने मान उचलली होती. पोराने पिशवी दाराबाहेरच ठेवली आणि तिथूनच सांगितलं, "दहा सापडले, साहेब."