आळ कुत्र्यावर, राग आर्माडिलोवर

पहिला आळ मी शेजाऱ्याच्या कुत्र्यावर घेतला. ह्यूस्टनजवळ घर घेतलं त्या उन्हाळ्यात लॉनवर रोज सकाळी नवे खड्डे दिसायचे. वर रुंद, खाली निमुळते, जेमतेम बोटभर खोल, जणू कुणी गाजरं उपटून नेली आहेत. कुत्रा असं उकरत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला कळायला हवं होतं. तरी शेजाऱ्याच्या दारात जाऊन "रात्री कुत्रा बांधत जा" असं ऐकवून आलो. ते बिचारं म्हातारं कुत्रं पायरी उतरायलाही मालकाच्या हातावर असायचं, हे नंतर समजलं.

खरा चोर टॉर्चच्या उजेडात सापडला. नऊ पट्ट्यांचा आर्माडिलो. नाक मातीत खुपसून, फुरफुरत, तो सरळ माझ्या चपलेपर्यंत आला. नजर अधू, सगळा कारभार नाकावर. मध्येच मागच्या पायांवर उभा राहून हवा हुंगली. नाकाच्या शेंड्यावर ओली माती, गाढवासारखे उभे कान, पोटाकडून डोकावणारे राठ केस, सगळं स्पष्ट दिसत होतं. मी लेकीला ऐटीत सांगितलं, "हे इकडचं खवले मांजर. आता बघ, कसं चेंडू होतं!"

दोन्ही गोष्टी चूक. खवले मांजर नात्यानं मांसाहारी प्राण्यांच्या जवळचं. आर्माडिलोचे भाऊबंद म्हणजे स्लॉथ आणि दक्षिण अमेरिकेतले मुंगीखाऊ. अंगाची पूर्ण गोळी करतात ते तिकडचेच तीन पट्ट्यांचे आर्माडिलो. टेक्सासातल्याला ते जमत नाही. पण कवच बघितलं आणि मी पुढचं सगळं गृहीत धरलं. काठीनं हळूच ढोसलं. तो जागच्या जागी ताडकन उभा उडाला, चांगला माझ्या कमरेएवढा. मी वाकलेलो होतो. हनुवटी थोडक्यात वाचली. या उडीनं कोयोटी दचकत असेल, पण हायवेवर हीच उडी त्याला नडते. चाकांच्या मधून सुटला असता तिथे उडतो आणि गाडीवर खालून आदळतो.

मग उपायांचं सत्र. डांबरगोळ्या टाकल्या, घरचं तिखट भुरभुरलं. वास आम्हालाच झोंबला. पिंजऱ्यात केळं ठेवलं, तर सकाळी आत दात विचकणारा ऑपॉसम. किडे-अळ्यांवर जगणाऱ्याला केळ्याचं काय कौतुक!

सगळ्यात मोठा मूर्खपणा याच्यानंतरचा. डेकखालच्या बिळात तो अर्धा शिरला असताना मी उघड्या हातानं शेपूट धरून ओढली. पाठीची कमान करून त्यानं कवच बिळाच्या छताला टेकवलं, नख्या मातीत रोवल्या. तसूभर हलला नाही. हात धुताना बायकोनं विचारलं, "त्याला हात लावलास?" आणि फोनवर काहीतरी वाचून गप्पच झाली.

तिनं वाचलं होतं ते कुष्ठरोगाबद्दल. त्याचा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही. त्याला थंड अंग लागतं आणि आर्माडिलोच्या शरीराचं तापमान असतं साधारण 33 ते 35 अंश सेल्सिअस. याच्या अंगात तो जंतू वाढतो हे 1971 मध्ये जाहीर झालं आणि पुढे संशोधनासाठी जंतू याच्याकडून मिळू लागले. अमेरिकेच्या दक्षिण भागात माणसांना याच्यापासून लागण होत असावी, हे 2011 मध्ये जनुकीय तपासणीतून पुढे आलं. डॉक्टरांनी धीर दिला की बहुतेकांना या रोगाची उपजत प्रतिकारशक्ती असते आणि झालाच तर औषधांनी पूर्ण बरा होतो. लक्षणं मात्र कित्येक वर्षांनी दिसू शकतात, हेही त्यांनी सांगितलं. हातावर कुठे चट्टा बधिर वाटतो का, हे मी अजून अधूनमधून चाचपतो.

एवढे दिवस मी 'तो' म्हणत होतो, एकच आहे असं धरून, तेही चूकच. एका संध्याकाळी कुंपणापाशी चार पिल्लं एका ओळीत, मापानं अगदी सारखी. या जातीच्या मादीचं एकच फलित बीज फुटून चार गर्भ होतात. चारही एकसारखे, एकतर सगळे नर किंवा सगळ्या माद्या. उन्हाळ्यात गर्भ राहिला तरी तो काही महिने गर्भाशयाला न चिकटता नुसता थांबून असतो, म्हणजे पिल्लं येतात ती वसंतात. आज हाकललेला उद्या परत आला म्हणून मी चरफडायचो, तो कदाचित दुसराच असायचा.

शेवटी वडिलांना, म्हणजे आबांना, फोनवर खड्ड्यांचे फोटो पाठवले. कोल्हापुरात उसाचं पीक सांभाळण्यात त्यांची हयात गेली आहे. त्यांनी विचारलं, "रात्री दिव्यावर भुंगेरे येतात का?" ढिगानं येत होते. "अरे, त्यांच्याच अळ्या, हुमणी झालीय तुझ्या गवतात. ते जनावर फुकट वेचून नेतंय, आणि तू त्याच्या मागं काठी घेऊन फिरतोस?" मी खुरप्यानं गवताचा तुकडा उचलला. मुळांत पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या अळ्या. लहानपणी उसाच्या सरीत मीच या वेचल्या होत्या.

जुलैत आसपासची जमीन दगडासारखी होत होती आणि मी स्प्रिंकलर रोज रात्री चालवत होतो. भुंगेऱ्यांना अंडी घालायला ओल आणि आर्माडिलोला उकरायला भुसभुशीत माती, दोन्ही माझ्याच बिलावर. आता पाणी आठवड्यातून एकदा देतो. खड्डे बरेच कमी झालेत. लॉन पिवळं पडल्याबद्दल सोसायटीची नोटीस आली आहे. तिला काय उत्तर द्यायचं, यावर घरात वाद चालू आहे.