माझी गोष्ट मीच सांगणार

गेल्या श्रावणातली गोष्ट. आंघोळ करताना छातीत एक गाठ हाताला लागली. हातातला तांब्या हातातच राहिला. घरात सुनेच्या पहिल्या मंगळागौरीची धांदल. म्हटलं, सण पार पडू दे, मग बोलू. पण मनाला चैन कुठलं? दुपारी सगळी निजल्यावर हॉलमधल्या कॉम्प्युटरवर बसले आणि स्तनातल्या गाठीबद्दल दहा-बारा ठिकाणी वाचून काढलं. उठताना, चहाचा कप विसळून ठेवावा तशी पाहिलेल्या पानांची यादीही पुसून टाकली. वाटलं, झालं, आता कुणाला काही कळायचं नाही.

चौथ्या दिवशी सूनबाई पुरणपोळीचं प्रमाण बघायला बसल्या. पाककृतीच्या शेजारीच जाहिरात, स्तनांच्या तपासणीवर सवलत! पान बदललं तरी पुन्हा तीच. ती स्वयंपाकघरात आली, माझ्यापुढचा गॅस बंद केला आणि हळूच म्हणाली, "आई, तुम्हाला काही होतंय का?"

मी आधी कानांवर हात ठेवले, मग रडलेच. दुसऱ्या दिवशी ती मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. गाठ साधी निघाली. देवाची कृपा!

आता तुम्ही म्हणाल, मग त्या जाहिरातीने भलंच केलं की! ह्यांनीही तेच म्हटलं. मला नाही पटलं. भलं केलं ते सुनेने. जाहिरातीला माझी कसली काळजी? तिला गिऱ्हाईक हवं होतं. सुनेच्या जागी एखादी पाहुणी बसली असती तर? आणि उद्या एखाद्या मुलीला दिवस गेल्याचं तिच्या तोंडून कळण्याआधी असंच घरभर झालं तर?

"अगं, पण मी तर सगळं पुसलं होतं!"

"आई, तुम्ही यादी पुसलीत. कुकीज तशाच राहिल्या."

मग तिने समजावून सांगितलं. कुकी म्हणजे संकेतस्थळाने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली चिठ्ठी. ही युक्ती १९९४ सालची. गिऱ्हाईक ओळखावं, त्याच्या टोपलीत काय आहे ते लक्षात राहावं, एवढाच तिचा हेतू. आपला वाणी वहीत लिहून ठेवतो, तसंच. पण पुढे जाहिरातवाले मधे घुसले. एकच माणूस वाण्याकडे, औषधाच्या दुकानात आणि कापडवाल्याकडे कोपऱ्यात उभा राहून आपण काय काय घेतलं ते टिपू लागला, तर कसं वाटेल? तिसऱ्याच्या कुकीज म्हणजे हाच माणूस.

त्याला हाकलायचं काम ब्राउझरचं. ॲपलच्या सफारीने २०२० पासून या तिसऱ्याच्या कुकीज मुळातच बंद केल्या. फायरफॉक्सने माग काढणाऱ्या ओळखीच्या मंडळींना २०१९ पासून आपणहून अडवायला सुरुवात केली आणि २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज वेगळ्या ठेवल्या. मसाल्याच्या डब्यात प्रत्येक वाटीला तिचा चमचा असावा ना, तसं. हळदीचा चमचा तिखटात जायचा नाही.

पण चिठ्ठी नसली तरी चालीवरून माणूस ओळखतातच की! पडद्याचा आकार, कॉम्प्युटरमधले फाँट, घड्याळाची वेळ हे सगळं जुळवून ब्राउझर ओळखता येतो. टॉर नावाचा ब्राउझर यावर उपाय करतो. त्याच्या सगळ्या वापरणाऱ्यांना तो शक्य तितकं एकसारखं दाखवतो. शाळेच्या गणवेशात लांबून आपली मुलगी ओळखू येत नाही, तसं. तो फायरफॉक्सवरच बेतलेला, म्हणून २०१६ पासून त्यातल्या काही युक्त्या मूळ फायरफॉक्समध्ये आणायचं काम सुरू झालं. जाणकारांची सोय अशी सगळ्यांच्या घरात आली.

सर्वांत जास्त वापरला जातो तो क्रोम मात्र मागेच राहिला. दोन वर्षांत तिसऱ्याच्या कुकीज बंद करू, असं गूगलने २०२० मध्ये सांगितलं, तारखा पुढे ढकलल्या आणि २०२४ मध्ये तो बेत सोडला. ज्याची मिळकतच जाहिरातींची, तो दार किती घट्ट लावणार?

मैत्रिणींनो, एवढं आजच करा. क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन थर्ड पार्टी कुकीज अडवा. फायरफॉक्समध्ये हवं तर 'स्ट्रिक्ट' निवडा. एखादं संकेतस्थळ नीट उघडलं नाही, तर तेवढ्यापुरती सूट देता येते. 'इन्कॉग्निटो'वर फार विसंबू नका. घरच्या कॉम्प्युटरवर यादी राहत नाही एवढंच, बाहेरच्यांना आपण दिसू शकतो. आणि आपल्या खात्यात शिरून जे शोधाल, ते खातंवाल्याला कळतंच.

पण खरं सांगू? ही कडी ब्राउझरने आपणहून लावलेली हवी. न्हाणीघराला कडी लावून देतात ती सगळ्यांसाठी. ज्या बाईला सेटिंग कुठे असतं हेच ठाऊक नाही, तिलाच तिची जास्त गरज.

आणि हो, गाठ लागली तर माझ्यासारखी लपवत बसू नका. लगेच डॉक्टरांकडे जा. घरात सांगायचं की नाही, कधी, कुणाला, हे मात्र तुमचं तुम्ही ठरवा. परवा फेरतपासणीला जाताना मी आपणहून सुनेला हाक मारली. यावेळी बातमी माझ्या तोंडून गेली.