घरातला दर्या

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात मासा येतो तो मेलेलाच. वडील मिरकरवाडा बंदरावरच्या एका बोटीवर खलाशी आहेत, आई बाजारात टोपली घेऊन बसते. अशा घरातल्या मुलाला जिवंत मासे पाळण्याचे वेड लागावे, याचे हसू वाडीतल्या शेंबड्या पोरांनाही येते. तो वेडा मुलगा म्हणजे मी! माझे पहिले पाच मासे मेले तेव्हा आई म्हणाली, "मासा मेला म्हणून रडणारा आपल्या घरात तूच रे पहिला!" कॉलेजात जाणाराही मीच पहिला. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असावा, असा तिला तेव्हापासून दाट संशय आहे.

त्याचे असे झाले. बारावीच्या सुट्टीत मी दुकानांच्या पाट्या बनवणाऱ्या एका कारखान्यात कामाला लागलो. अॅक्रिलिकची अक्षरे कापायची, घासायची, जोडायची. कॉलेज सुरू झाल्यावरही संध्याकाळचे काम सोडले नाही, कारण फी त्यातूनच निघते. तिथल्या माळ्यावर काचेची एक जुनी टाकी धूळ खात पडली होती. नव्वद लिटर पाणी मावेल एवढी. ती मी मागून घेतली. भाट्याच्या समुद्रावरून कॅन भरभरून पाणी आणले, ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांतून बोटाएवढे पट्टेदार मासे पकडले. नवव्या दिवशी पाचही मासे उलटे तरंगत होते. पाणी मात्र आरशासारखे स्वच्छ!

मोबाइलवर शोधले तर सगळीकडे विकतची यंत्रे, आणि त्यांच्या किमती हजारांच्या घरात. शेवटी ग्रंथालयात एक इंग्रजी पुस्तक सापडले. शब्दकोश उशाशी घेऊन एकेका पानाला माझ्या दोन-दोन दुपारी गेल्या. तेव्हा कळले, की मासे स्वतः आणि त्यांचे उरलेले अन्न पाण्यात अमोनिया सोडतात. तो डोळ्यांना दिसत नाही, पण माशांचे कल्ले जाळतो. वाळूत आणि दगडांवर वाढणारे जीवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग पुष्कळसे निरुपद्रवी नायट्रेट करतात. मात्र हे जीवाणू पुरेसे वाढायला महिना-दीड महिना लागतो. मी तर पहिल्याच दिवशी पाच पाहुणे आणून बसवले होते! म्हणजे त्यांना मारले ते माझ्याच घाईने.

त्याच पुस्तकात 'प्रोटीन स्किमर' नावाच्या यंत्राचे चित्र होते. एक उभी नळी. वरून पाणी उतरते, खालून बारीक बुडबुडे चढतात. पाण्यातला चिकट मळ बुडबुड्यांना धरून वर येतो आणि फेस होऊन वरच्या वाटीत सांडतो. कुजण्यापूर्वीच घाण बाहेर! रात्री जेवताना मी हे मोठ्या ऐटीत वडिलांना समजावून सांगितले. ते हसले. "यात नवीन काय? पावसाळ्यात लाटा आपटतात आणि किनाऱ्यावर पिवळट फेस साचतो, तो काय असतो? दर्या आपला मळ बाहेर टाकतो." वडील चौथी नापास आहेत. माझा घास तसाच हातात राहिला.

कारखान्यातल्या पाच मिलिमीटर जाडीच्या तुकड्यांची मी चौकोनी नळी करायला घेतली. अॅक्रिलिक क्लोरोफॉर्मने जोडतात. इंजेक्शनच्या सुईने तो सांध्यावर सोडला, की आपोआप आत ओढला जातो. दोन्ही कडा किंचित विरघळतात आणि तो उडून गेल्यावर एकजीव होतात. त्याची वाफ वाईट, म्हणून काम उघड्यावर बसून करायचे. माझी पहिली नळी तीन ठिकाणी गळली. आमचे मिस्त्री म्हणाले, "सुई कशाला दोष देतोस? कड नीट घासलीस का? दोन तुकड्यांमधून उजेड दिसता कामा नये." दुसऱ्या वेळी चार दिवस नुसत्या कडाच घासल्या. नळी गळली नाही. नळाचे पाणी भरून पाहिले तर फेसच येईना! मी पार खचलो. मग समुद्राचे पाणी घातले आणि नळी दुधासारखी पांढरी झाली. खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक राहतात, गोड्या पाण्यात एकमेकांत मिसळून मोठे होतात, हे मला तेव्हा उमगले. काही दिवसांत वाटीत काळ्या चहासारखे पाणी साचू लागले. त्याची घाण इतकी, की आईने पदर नाकाला लावला. आणि ती तर जन्मभर मासळी बाजारात बसलेली!

दीड महिना थांबून मी फक्त दोन मासे आणले.

1 जूनला मासेमारी बंद झाली. 31 जुलैपर्यंत बोटी किनाऱ्यावर आणि घरात पैशांची ओढाताण. वडील टाकीकडे पाहून म्हणाले, "हा पंप रात्रंदिवस चालतो. बिल कोण भरणार? शिकून काय मासेच बघत बसणार आहेस?" पंप पाच वॅटचा आहे, महिन्याला चार युनिटसुद्धा होत नाहीत, हा हिशेब मी मांडून दाखवला. ते काही बोलले नाहीत. ज्या प्रश्नाचे उत्तर त्यांना हवे होते, ते त्या हिशेबात नव्हते. ते माझ्याकडेही नव्हते.

त्याच महिन्यात एका रात्री वादळ झाले आणि वीज गेली. पंप थांबला. थोड्या वेळाने मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडू लागले. मी मगने पाणी उचलून वरून ओतू लागलो, म्हणजे हवा मिसळावी. मध्यरात्री हात भरून आले, तेव्हा कोणीतरी मग काढून घेतला. वडील होते. "तू नीज. तुझी परीक्षा आहे."

पहाटे उठलो तो ते तसेच ओतत होते. मी काही विचारले नसताना म्हणाले, "तीस वर्षे जाळी ओढली. जाळ्यात आला तो मासा, पण घरात आला तो पाहुणा."

सकाळी नऊला वीज आली. दोन्ही मासे वाचले.

पुढे ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा समुद्रात गेल्या. शिकून काय, या प्रश्नाचे उत्तर मी अजून देऊ शकलेलो नाही. वडिलांनी तो पुन्हा विचारलेलाही नाही. हल्ली ते समुद्रावरून आले, की खारे कपडे उतरवण्याआधीच विचारतात, "काय रे, वाटी भरली का?"