सगळेच जेडाय

ऑनलाइन गेममध्ये एखादा क्लास कुलूपबंद ठेवला की खेळाडूंचे दोन तट पडतात. एक म्हणतो, "घाम गाळल्याशिवाय मिळूच नये." दुसरा म्हणतो, "मीही तेवढेच पैसे भरतो, मग मला का नाही?" या भांडणाचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण म्हणजे २००३ साली आलेला 'स्टार वॉर्स गॅलेक्सीज'.

सिनेमाच्या कथेत त्या काळात जेडाय जवळपास संपलेले. म्हणून गेममध्येही तो क्लास सुरुवातीच्या यादीत नव्हता, आणि तो कसा मिळतो हे कुणी सांगितलंही नव्हतं. त्यामुळे लोक निवांत शिंपी व्हायचे, नर्तक व्हायचे, डॉक्टर व्हायचे. ही कामं शोभेची नव्हती. लढून आलेल्याचा शीण कँटिनात नाच बघत, गाणं ऐकत बसल्यावर उतरायचा. चांगलं हत्यार हवं तर ते बनवणाऱ्या खेळाडूच्या दारात जावं लागायचं.

काही महिन्यांत होलोक्रॉन आले. ते सांगायचे, अमुक व्यवसायात पारंगत हो. झालं, रहस्याची रेसिपी झाली! नाचात काडीचा रस नसलेले नर्तक झाले, आणि ज्यांचं दुकान छान चाललं होतं ते दुकान मोडून पुढच्या पायरीच्या मागे लागले.

मग नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीने कुलूपच काढलं. तीसहून जास्त व्यवसायांचे नऊ क्लास केले आणि जेडाय पहिल्याच स्क्रीनवर आणून ठेवला. ज्यांनी महिनोन्‌महिने खपून तो मिळवला होता ते भडकले. ज्यांना तो कधी नकोच होता, त्यांचे तर व्यवसायच गेले. कितीतरी जण सोडून गेले. डिसेंबर २०११ मध्ये गेम बंद झाला.

हे वाचताना मला आमचं गाव दिसतं. मोठे काका १९८४ साली इंजिनिअर झाले तेव्हा त्यांना बघायला लोक आले होते म्हणे. पुढे रेसिपी सापडली: अकरावी सायन्स, क्लास, सीईटी. मी इंजिनिअर झालो तेव्हा पेढेवाला वजन करता करता म्हणाला, "तुमच्यातला पण इंजिनिअरच का?" मोटर रिवाइंडिंगवाल्याचा मुलगा माझ्याच बॅचला, कॉम्प्युटरलाच होता. हात अगदी वडिलांसारखा. आता तो माझ्यासारखाच पुण्यात कोड लिहितो. ते दुकान बंद आहे, आणि पंपाची मोटर जळली की काका ती तालुक्याला घेऊन जातात.

म्हणून मला दोन्ही तट अर्धवट वाटतात. दोघंही कुलुपाबद्दलच भांडतात. कुलूप असावं की नसावं, यापेक्षा नर्तकाला आणि शिंप्याला नुसतं तेच राहून मानाने जगता येतं का, हा प्रश्न मोठा आहे. येत असेल तर जेडाय दुर्मिळ असला तरी कुणाचं बिघडत नाही. येत नसेल, तर सगळ्यांना जेडाय करूनही कुणाचं समाधान होत नाही.

चाहत्यांनी चालवलेल्या एका सर्व्हरवर ते जुने नियम अजून चालू आहेत. ऑफिस सुटलं की मी तिथे शिंपी असतो. पुढे काय होणार, असं तिथे मला कुणी विचारत नाही. विचारतात ते एवढंच, "जॅकेट कधी मिळेल?"