हवेचे पासबुक

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीची सभा म्हणजे विषयपत्रिकेवर एक विषय आणि तोंडी दहा. परवाच्या सभेपुढे विषय होता गच्चीला पांढरा रंग द्यावा की न द्यावा. "उकाडा फार वाढलाय हो," एवढेच कुणीतरी म्हणाले आणि चर्चा गच्चीवरून घसरली ती थेट पृथ्वीवर येऊन आदळली.

"कलियुग! दुसरं काय?" अण्णांनी निदान केले. डोकेदुखीपासून दुधाच्या दरवाढीपर्यंत अण्णांचे निदान हेच असते.

"आमच्या वेळी काय उन्हाळा नव्हता? आम्ही अनवाणी शाळेत जायचो," बापू म्हणाले. हे सांगताना त्यांनी पंख्याखालची खुर्ची मात्र सोडली नाही.

मास्तरांनी सूर्यावर ठपका ठेवला. नाना म्हणाले, "हे सगळं अमेरिकेनं केलंय!" मग त्यांना आपला मुलगा न्यू जर्सीला असल्याची आठवण झाली आणि ते खाली बसले.

आता मी पडलो बी. कॉम. आणि त्यातून बँकेतला कारकून. जगातली प्रत्येक गोष्ट एक तर जमेला असते, नाहीतर नावे, अशी माझी श्रद्धा. शिवाय आदल्याच रविवारी मुलीच्या शाळेचा प्रकल्प मीच लिहून दिलेला. त्यामुळे आकडे ताजे होते. मी उठलो.

"हवा हे एक खातं समजा. १९५८ साली चार्ल्स कीलिंग या अमेरिकन शास्त्रज्ञानं हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर कार्बन डायऑक्साइड मोजायला सुरुवात केली. तेव्हा शिल्लक होती दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग. आज ती ४२०च्या वर आहे. कोळसा-तेल जाळून आणि जंगलं तोडून माणूस दरवर्षी सुमारे चार हजार कोटी टनांचा भरणा करतो. त्यातला निम्मा-अर्धा समुद्र आणि झाडं काढून घेतात. उरलेला खात्यात पडून राहतो. मग शिल्लक फुगणार नाही तर काय?"

"पण भरणा आपलाच कशावरून?" मास्तरांनी अडवले.

"स्लिपवर सही आहे ना, मास्तर! कोट्यवधी वर्षं जमिनीत पडलेल्या कोळशात कार्बन-१४ उरलेला नसतो. तो जाळला की हवेतलंही त्याचं प्रमाण पातळ होतं, आणि ते तसं होताना मोजलेलं आहे. सूर्याचं म्हणाल तर १९७८ पासून उपग्रह त्याच्यावर नजर ठेवून आहेत. ही तापमानवाढ त्याच्या नावावर टाकता येईल इतका काही तो तापलेला नाही. निर्दोष कर्मचाऱ्याला उगाच निलंबित करू नका!"

सभा चिडीचूप. मला चेव आला. स्वीडनच्या स्वान्ते आऱ्हेनियसने १८९६ सालीच हे गणित कागदावर मांडले होते, हेही मी सांगितले. उकाडा वाढला तर बरेच होईल, असे त्या गृहस्थाला वाटत होते. थंडीने गारठलेल्या माणसाला ऊब वाईट कशाला वाटेल? मे महिन्यात त्याला डोंबिवली लोकलने आणायला हवा होता.

मग प्रश्न आला, करायचे काय? अमेरिकन माणसामागे वर्षाला सुमारे १४ टन आणि आपल्यामागे सुमारे २. तेव्हा आधी त्यांनी फेडावे, असे बापूंचे मत पडले. मत न्यायाचे होते. पण बँकेत मोठ्या थकबाकीदाराला चहा मिळतो आणि छोट्याला नोटीस, हे मी तेवीस वर्षे बघतो आहे. भारताने २०७० सालापर्यंत हिशेब शून्यावर आणायचे २०२१ साली ग्लासगोला जाहीर केले आहे, असे मी सांगताच पंचाहत्तरीचे अण्णा म्हणाले, "म्हणजे मला एकशेविसावं लागेल. तोवर बघू!" आणि गच्चीच्या रंगाचा विषय सर्वानुमते पुढच्या सभेवर ढकलण्यात आला.

विजयी मुद्रेने मी खाली उतरलो. रात्रीचे दहा वाजले होते तरी वॉचमन मामा डोक्यावर ओला पंचा टाकून फाटकाशी बसले होते.

"काय मामा, केबिनमध्ये का नाही बसत?"

"आत बसवत न्हाई, साहेब. पत्रा दिवसभर तापतो, अन् रातच्याला वरनं मशीनची वाफ. मागल्या मे महिन्यात चक्कर येऊन पडलो नव्हतो का? तवापास्नं भाईरच बसतो."

मी वर पाहिले. केबिनच्या पत्र्यावर तोंड करून एक मशीन गरगरत होते. पहिला मजला, डावीकडची खिडकी. म्हणजे आमचीच. गेल्या वर्षी हप्त्यावर घेतलेला, दीड टनाचा.

सभेत मी चार हजार कोटी टनांचा हिशेब तोंडपाठ सांगितला होता. हे दीड टन तेवढे नोंदायचे राहिले होते. आणि मामा पडले त्या दिवशी त्यांना लिंबू सरबत आमच्याच घरून गेले होते. तेही मी जमेला धरून बसलो होतो.

रविवारी मी मामांच्या पत्र्याला पांढरा रंग मारला. मेकॅनिकला बोलावून मशीन दुसऱ्या भिंतीला हलवले. "अहो, एवढं कलेक्टर ऑफिससारखं गार कशाला लागतं?" असे म्हणून हिने यंत्राचा आकडा अठरावरून सव्वीसवर नेऊन ठेवला. मामा आता केबिनमध्ये बसतात, असे त्यांनी आपणहून सांगितले.

फक्त मशीनची वाफ हल्ली अण्णांच्या बाल्कनीकडे जाते. "यंदा उकाडा जास्तच वाटतो. कलियुग! दुसरं काय?" असे अण्णा परवा म्हणाले. मी मान डोलावली. खरे कारण समजावून सांगायला मी यावेळी काही उठलो नाही.