डाव्या बाजूचं खातं

गाडीला ब्लाइंड स्पॉट मॉनिटर बसवून घ्यावा का, हा प्रश्न मानेच्या दुखण्यातून निघाला. स्पॉन्डिलायटिसमुळे डावीकडे वळून बघणं जिवावर येतं, आणि ठाणे-बेलापूर रस्त्यावर लेन बदलायची तर ते टाळता येत नाही.

वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीला बाहेरचा आरसा एकच होता, त्यांच्या बाजूचा. डावीकडचं खातं आईकडे. वाशीच्या खाडीपुलावर ते विचारायचे, "घेऊ का?" आई खिडकीतून डोकं काढायची. "थांबा हो, टेम्पो आहे. भारी घाईत दिसतोय!" ट्रकवाल्यांकडे हे काम क्लीनरचं. डाव्या दारातून अर्धा बाहेर लोंबकळत तो पत्र्यावर थापा मारायचा. मी मारुती 800 वर हात बसवला, तिलाही डावा आरसा नव्हता. उरलीसुरली भिस्त हॉर्नवर. ट्रकच्या पाठीवरच्या 'हॉर्न ओके प्लीज'चा रोख सरळ होता: तू मला दिसत नाहीस, तेव्हा तूच आवाज दे. राज्य सरकारने 2015 साली ते लिहायला बंदी घातली.

म्हणजे डावी बाजू सांभाळायला कायम दुसरं कुणीतरी असायचं. आता गाडीत बहुतेकदा मी एकटीच असते.

ब्लाइंड स्पॉट मॉनिटर कंपनीतूनच घेऊन येणाऱ्या गाड्यांत बहुधा मागच्या बंपरच्या कोपऱ्यांत रडार असतं. शेजारच्या लेनमध्ये वाहन आलं की आरशात दिवा लागतो. बाहेरून बसवायच्या स्वस्त संचांत अनेकदा पार्किंगसारखेच अल्ट्रासॉनिक सेन्सर असतात. पल्ला थोडा, शिवाय बंपरला भोकं पाडायची. तुर्भ्याच्या एका दुकानदाराने असा संच लावलेल्या गाडीतून फिरवून आणलं. एपीएमसीपासून वाशी स्टेशनपर्यंत दिवा विझेचना. कधी स्कूटर, कधी रिक्षा, कधी पाठीवर चौकोनी पेटी घेतलेला डिलिव्हरीवाला. दिव्याच्या लेखी सगळे सारखेच. कोण घाईत आहे, कोण थांबलाय, ते आई सांगायची. अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षांना मज्जाव आहे, तिथे असा दिवा कामाचा. पण माझं रोजचं जाणं-येणं नेरूळ-वाशीचं.

शेवटी फुकटचा उपाय केला. जॉर्ज प्लॅट्झर या अमेरिकी इंजिनिअरने 1995 साली मांडलेला. डोकं उजव्या काचेला टेकवायचं आणि आपल्या गाडीची कड जेमतेम दिसेल इतका उजवा आरसा बाहेर वळवायचा. डाव्यासाठी डोकं गाडीच्या मधोमध आणायचं. सरळ बसल्यावर स्वतःची गाडी दिसत नाही, सुरुवातीला चुकल्यासारखं होतं. पण मागचा ट्रक आतल्या आरशातून सरकला की बाहेरच्यात येतो, आणि तिथून सुटेपर्यंत डोळ्याच्या कोपऱ्यात उभा असतो. दुचाकीसाठी मान थोडी वळवावी लागतेच, पण थोडीच.

या गाडीला भोकं पाडणार नाही. पुढची घेताना मात्र आधी रडार बघेन, रंग नंतर. तोवर माझ्या डावीकडे बसणाऱ्याने मोबाइल खाली ठेवायचा आणि टेम्पो आहे की नाही ते सांगायचं.